चौदा नंबरच्या खोलीतली कोथिंबीरवाली

दादाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरून त्याला घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. पुढचे दहा दिवस तोंड खाली. झोपताना, बसताना, जेवताना. तासातली पन्नास मिनिटं. बुडबुडा नेहमी वर चढतो. तोंड खाली असलं की तो डोळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन पडदा दाबून धरतो. मान वर केली की तो भलतीकडे सरकणार.

"म्हणजे दहा दिवस लाजून बसायचं," दादा म्हणाला.

"लाजा, रुसा, काहीही करा. मान खाली," बाई म्हणाल्या.

विनोद तिथेच संपला. दादाचा डावा डोळा जन्मापासून आळशी आहे. त्याला दारात कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोण आलंय ते कळत नाही. आजवर दादाने जे काही वाचलं, मोजलं, पाहिलं ते सगळं या उजव्या डोळ्याने. तो एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. केसाएवढा फरक मापायचा आणि मापलेला आकडा वाचायचा, हे त्याचं काम. उजव्या डोळ्याची नजर परत आली नाही तर ते काम गेलं, आणि कामाबरोबर बाकीचंही बरंच काही. हे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात. तिने परत यायचं नाही, असं आम्ही दोघांनी फोनवर एका सुरात सांगितलं आणि मी धायरीहून बॅग घेऊन बिबवेवाडीला दादाकडे राहायला आले. निघताना नवरा म्हणाला, "तुझ्या याद्या पण घेऊन जा. मला जरा सुट्टी."

मी याद्या करते, हे खरं आहे. बिबवेवाडीत पोचल्यावर पहिल्या तासात फ्रिजवर तक्ता लावला. रकाने चार: वेळ, कुठले थेंब, मान खाली किती मिनिटं, आणि शेवटचा, "दिसतं का". शेवटचा रकाना पहिले काही दिवस रिकामाच राहणार होता, पण रकाना आखून ठेवला की बरं वाटतं. दिवाणावर दोन उशा मध्ये फट ठेवून लावल्या, फटीच्या दोन्ही कडांना टर्किश टॉवेलच्या गुंडाळ्या, म्हणजे नाकाला हवा मिळेल. दादा त्यात तोंड घालून पालथा पडला आणि पहिल्या दिवशी त्याने अकरा वेळा मान वर केली. मी अकरा फुल्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी पेपर वाचून दाखवला. बातम्या ऐकून तो मान वर करून वाद घालायला लागला. रेडिओ लावला. गाण्यात त्याला कधीच रस नव्हता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला उशांच्या फटीतून आवाज आला, "तो खेळ सांग."

"कुठला?"

"टीव्हीवरचा. मंडईवाला."

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. मी पाचवीत आणि दादा नववीत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही मंडईजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. बाबांचे एक मित्र बोटीवर नोकरीला होते. त्या काकांनी परदेशातून एक कॉम्प्युटर आणला आणि पुढच्या सफरीला जाताना तो आमच्याकडे ठेवून गेले. पाटीएवढा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची, आणि पाच मिनिटं असा काही कर्कश आवाज ऐकायचा की खालच्या काकू जिन्यात येऊन विचारायच्या, "कुकर आहे का काय?" एका कॅसेटवर सहा खेळ होते. त्या खेळांत चित्र नावाला नव्हतं. पडद्यावर नुसती अक्षरं. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, वाटा कुठल्या, हे यंत्र लिहून सांगायचं. आपण काय करायचं ते बटणांनी लिहायचं. मग काय झालं ते यंत्र सांगायचं.

सगळं इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेत. मला तेव्हा ए-बी-सी-डी नुकती आली होती. म्हणून आम्ही कामं वाटून घेतली होती. दादा पडदा वाचायचा आणि मराठीत सांगायचा. काय करायचं ते आम्ही दोघं ठरवायचो, म्हणजे भांडायचो. मग दादा एकेक अक्षर सांगायचा आणि मी ते दाबायची. वहीही मीच लिहायची. प्रत्येक जागेला नंबर. जागेचं नाव, तिथे कोण, वाटा कुठल्या, आणि कुठली अक्षरं दाबली की काय होतं. अख्खी मे महिन्याची सुट्टी आम्ही सहातला एकच खेळ खेळलो. जूनमध्ये काका परत आले, यंत्र गेलं. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये राहून गेली म्हणून आमच्याकडे राहिली.

त्या खेळातलं मला सगळ्यात स्वच्छ काय आठवतं तर मंडई. आठ कोनांची इमारत, आत अंधार, आणि मधल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली एक कोथिंबीरवाली आजी. तिच्यापुढून गेल्याशिवाय वर जाता यायचं नाही. आणि ती सोडायची नाही. आपण काहीही म्हटलं की विचारायची, "पिशवी कुठंय?"

"करते व्यवस्था," मी दादाला म्हटलं. "पण तोपर्यंत मान वर केलीस तर रद्द."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या थेंबांनंतर शेजारच्या काकांना दादाजवळ बसवून मी धायरीला गेले. माळ्यावर माझी नऊ खोकी आहेत, प्रत्येकावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवलेली. सात नंबरचं खोकं, "माहेर: कागद व इतर". दहा मिनिटांत कॅसेट हातात होती, वही त्याच्याच खाली. खाकी कव्हर, आत माझं पाचवीतलं अक्षर. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तू पाचवीतही अशीच होतीस?"

कॅसेटचा आवाज कॉम्प्युटरवर घेऊन देणारा एक माणूस मंडईच्या मागच्या गल्लीत आहे, हे मला माहीत होतं. लोक तिथे मुंजीतली, लग्नातली रेकॉर्डिंगं घेऊन जातात. पन्नाशीचा, कानाला चष्म्याची दोरी. त्याने माझी कॅसेट लावली, हेडफोन घातला आणि लगेच काढला.

"ताई, यात कोणीतरी किंचाळतंय."

"तेच हवंय. दोन्ही बाजू. आणि आवाज स्वच्छ करू नका, खरखर काढू नका, आहे तसा द्या."

"किंचाळणं आहे तसं."

"हो."

"कोणाच्या लग्नातलं आहे?"

तासाभराने यायला सांगितलं म्हणून मी मंडईत जाऊन उभी राहिले. मधल्या भागात जिना बघितला. ती पायरी मला हवी तिथे नव्हती, किंवा होती आणि तिथे लिंबांची टोपली होती. मला वाटलं होतं की ती जागा बघून काहीतरी नक्की होईल. तसं काही झालं नाही. मी लिंबं घेतली आणि निघाले.

जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम फुकट मिळतात. त्यात ते किंचाळणं घालायचं. मी वाचून सात पायऱ्या लिहून काढल्या आणि तिसऱ्या प्रयत्नात, चौथ्या दिवशी दुपारी, लॅपटॉपवर काळा चौकोन उघडून त्यात पांढरी अक्षरं आली. सगळ्यात वर एक ओळ: डावीकडे जागेचं नाव, उजवीकडे किती चाली झाल्या तो आकडा. खाली मजकूर.

"आलं," मी म्हटलं.

"वाच," उशीतून आवाज.

दादा पालथा, मी त्याच्या डोक्याशी खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप, शेजारी वही. आता वाचणारी मी आणि ऐकणारा तो. मी मराठी करून सांगायला लागले. तुम्ही एका दीपगृहाच्या पायथ्याशी उभे आहात. वहीत पहिल्या नंबरला होतं: "उंच मनोरा. वर दिवा." जुळलं. दुसरी जागा, खडकातली पायवाट. वहीत: "दगडांचा रस्ता." जुळलं. मी वहीतली अक्षरं बघून दाबत होते, वाटा तंतोतंत लागत होत्या. दादा चाळीस मिनिटं हलला नाही. तक्त्यावर पहिल्यांदाच फुली नव्हती.

मग थोडं थोडं बिघडायला लागलं. सातव्या जागी यंत्र म्हणालं, कोसळलेलं गोदाम. वहीत होतं, "शाळा. सुट्टी आहे." नवव्या जागी यंत्रात गंजलेली होडी, वहीत "टांगा. घोडा नाही." वाटा मात्र त्याच. उत्तरेला जायचं तिथे उत्तरेला, खाली जायचं तिथे खाली. मी वाचताना वहीतलं वाचलं की पडद्यावरचं, हे मलाच नीट कळेना. काहीतरी गडबड आहे, कॅसेट खराब झाली असेल, असं धरून पुढे गेले. खराब कॅसेट शाळेचं गोदाम करत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

चौदा नंबर. वहीत: "मंडई. कोथिंबीरवाली आजी. वाटा: उत्तर, पूर्व, वर." पडद्यावर वरच्या ओळीत तळघर. खाली: ओलसर दगडी तळघर. जिन्याशी एक कुत्रा साखळीने बांधलेला आहे. तो गुरगुरतो. वाटा: उत्तर, पूर्व, वर.

"दादा, इथे तळघर आहे."

"तळघर कसलं? मंडई आहे."

"तळघर. आणि कुत्रा."

दादा उठून बसला. सरळ, मान ताठ, डोळ्यावर पट्टी. "नीट वाच आधी. तुला पहिल्यापासून घाई."

"दादा, मान खाली."

"आधी वाच."

"आधी मान."

"मी अख्खा महिना ती मंडई वाचलीय. कुत्रा नव्हता."

घड्याळात तीन मिनिटं गेली. मला तो बुडबुडा डोळ्यात इकडून तिकडे सरकताना जणू दिसत होता. मी म्हटलं, "थांब, थांब. खाली अजून ओळी आहेत. आली. मंडई आली."

तो परत पालथा झाला. "आजी आहे?"

"आहे."

"काय म्हणते?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्याला तयारी लागते. "म्हणते... कोथिंबीर घ्या."

मग तो म्हणाला, "ती असं म्हणत नाही. गिऱ्हाइकाला घ्या म्हणणारी ती बाई नव्हे."

"पिशवी कुठंय, असं म्हणते."

"हां," दादा म्हणाला, आणि पन्नास मिनिटं पुरी केली.

त्या संध्याकाळी तो जेवून परत पालथा पडल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅसेटवरचे बाकीचे पाचही खेळ एकेक करून चालवले. कदाचित मंडई दुसऱ्याच खेळात असेल आणि आम्ही दोन खेळांची सरमिसळ केली असेल. एकात भुताचा बंगला. एकात अंतराळयान. एकात वाळवंटातलं थडगं. एक आगगाडीतला खून. पाचवा सुरूच झाला नाही. मंडई कशातच नाही. असायचं कारणही नाही. ज्या कोणी परदेशात बसून हे लिहिलं, त्याला आमची मंडई कशी ठाऊक असणार? हा प्रश्न मला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पडला. इतकी वर्षं मी हे धरून चालले होते की जगातल्या एका यंत्रात आमची मंडई आहे.

मग मी वहीतला शेवटचा रकाना वाचला. अक्षरं आणि त्यांचा अर्थ. चौदा नंबरसमोर मी लिहिलं होतं: जी-आय-व्ही-ई, बी-ओ-एन-ई. अर्थ: "आजीला पिशवी दाखव." तीन पानं आधी टी-ए-के-ई, बी-ओ-एन-ई. अर्थ: "पिशवी घे." मी खेळात परत तळघरात गेले आणि ती अक्षरं दाबली. यंत्र म्हणालं, कुत्रा हाडूक घेऊन कोपऱ्यात जातो. जिना मोकळा आहे.

म्हणजे दादाला हाडूक माहीत होतं. कुत्रा माहीत होता. आणि त्याने मला महिनाभर, न अडखळता, दुसराच खेळ सांगितला होता. पण असा, की माझ्या बोटांनी दाबलेलं प्रत्येक अक्षर यंत्राला बरोबर लागू पडलं. मी वही बंद केली. राग आला का? नाही, किंवा आला असेल, पण नक्की कशाचा ते कळेना. मी ज्या वस्तू नंबर घालून, रकाने आखून लिहून ठेवल्या होत्या, त्यांतली निम्मी कुठे अस्तित्वातच नव्हती. आणि वाटा मात्र सगळ्या खऱ्या.

पाचव्या दिवशी मी सरळ विचारलं.

"दादा, तू मला तेव्हा खरं वाचून दाखवायचास का?"

"जे दिसत होतं तेच सांगायचो," तो म्हणाला. आवाजात काही नाही. समोरच्या माणसाचं तोंड दिसत असलं की त्याच्या बोलण्याचा अंदाज येतो. याचं तोंड उशीत.

सहाव्या दिवशी, मी काहीही विचारलेलं नसताना, तोच म्हणाला, "मला निम्मे शब्द यायचे नाहीत. ओलसरला काय म्हणतात ते नववीत कोणाला येतं? आणि तू सगळ्या जिन्यात सांगत फिरायचीस, आमच्या दादाला इंग्लिश येतं. मग काय करणार होतो?"

हे पटलं. मी मनात गोष्ट मिटवली. आठव्या दिवशी मी त्याच्या पाठीला तेल लावत होते तेव्हा तो म्हणाला, "तू कुत्र्याला घाबरायचीस. खालच्या काकूंचा कुत्रा बांधलेला असला की तू जिना चढायची नाहीस. मी उचलून न्यायचो. जिन्याशी कुत्रा आहे म्हटलं असतं तर तू त्या खोलीत आलीच नसतीस, आणि वहीसुद्धा मिटली असतीस."

हेही खरं आहे. कुत्रा आठवतो मला. मग पहिलं उत्तर खोटं की दुसरं? का तिन्ही खरी? शब्द येत नव्हते म्हणून बनवलं म्हणावं, तर कुत्रा हा शब्द तर येतच होता. मला घाबरवायचं नव्हतं म्हणावं, तर शाळा आणि टांगा कशासाठी? मी तिन्ही उत्तरं एका कागदावर एकाखाली एक लिहिली आणि बघत बसले. काही निष्पन्न झालं नाही.

"आणि ती आजी?" मी विचारलं. "पायरीवर बसलेली, अजून आठवते मला. ती कुठून आणलीस?"

"आणलीस काय? ती होती. खरीच. आई पाठवायची आपल्याला. तिच्याकडूनच घ्यायचो. पिशवी विसरलं की परत पाठवायची, कागदात बांधून द्यायची नाही."

"मला नाही आठवत ती."

"आत्ता तर म्हणालीस आठवते. पायरीवर बसलेली."

"ती खेळातली."

"खेळात तर कुत्रा आहे म्हणतेस."

तो उशीत हसला असावा, खांदे हलले. मी त्याला न हसण्याची सूचना दिली.

खेळ मात्र चालू ठेवला, कारण त्याशिवाय तो तोंड खाली ठेवत नव्हता. मी पडद्यावरच्या वाटा बघायची आणि वहीतलं वाचायची. वहीत जिथे कमी लिहिलेलं होतं तिथे स्वतः भरायची. मला ते जमत नव्हतं, मी रचलेला टांगेवाला ऐकून तो म्हणाला, "हा तुझ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे." पण तो ऐकत होता. आठव्या आणि नवव्या दिवशी एकही फुली नाही. दहाव्या दिवशी आम्ही तेविसाव्या जागेपाशी पोचलो, तिथे वही संपते. "दरवाजा. उघडत नाही." तो आत्ताही उघडला नाही.

अकराव्या दिवशी तपासणी. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिवा मारून पाहिलं. "पडदा बसलाय," त्या म्हणाल्या. "पण नजर किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही. बुडबुडा वरून कमी होत जाईल. वरचा भाग आधी मोकळा होईल, खाली पाणी भरल्यासारखी हलती रेघ दिसेल. रेघेच्या वर दिसायला लागलं की आम्हाला कळवा."

"दिसतंय," दादा म्हणाला.

"काय दिसतंय?"

"सगळं. धूसर, पण सगळं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काय सांगणार? घरी आल्यावर त्याने कारखान्यात फोन लावला आणि पंधरवड्यात कामावर येतो म्हणून सांगितलं. मी बोटं दाखवली.

"किती?"

"दोन."

"बरोबर." मी परत दाखवली. "आता?"

"दोन."

तेही बरोबर. संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दरवेळी दोनच बोटं दाखवते, आणि ते त्याला माहीत आहे. "दिसतं का" या रकान्यात मी तीन वेळा "हो" लिहिलं होतं. तिन्ही खोडले.

हा माणूस न दिसणाऱ्या गोष्टी न अडखळता सांगू शकतो, याचा लेखी पुरावा माझ्याकडे होता. खाकी कव्हर घातलेला, माझ्याच अक्षरातला. दिसत नसेल तर ते आत्ता कळायला हवं होतं. पंधरवड्याने कामावर, मापं घेताना कळून चालणार नव्हतं. पण त्याला विचारून ते कळणार नाही, हेही आता पक्कं होतं.

तेराव्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी खेळ उघडला आणि वाटेल तशी अक्षरं दाबत चौदा नंबरला येऊन थांबले. मुद्दाम उलटीसुलटी गेले, आले, परत गेले, म्हणजे वर उजवीकडचा चालींचा आकडा कोणाला तोंडपाठ असण्याचा प्रश्न नाही. अक्षरं केली तेवढी मोठी केली. लॅपटॉप जेवायच्या टेबलावर. दादा आला, बसला. मी मागे उभी राहून तळहाताने त्याचा डावा डोळा झाकला. त्या डोळ्याला एवढी मोठी अक्षरं दिसली असती तरी मला चालणार नव्हतं.

"वाच," मी म्हटलं.

त्याने मान किंचित खाली केली, किंचित वर केली, पाण्याच्या भांड्यात बघावं तशी.

"मंडई," तो म्हणाला.

पडद्यावर वरच्या ओळीत तळघर असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याला काही दिसत नव्हतं. तो पाचवीतल्या बहिणीला सांगावं तसं सांगत होता, आणि मी मागे उभी राहून ऐकत होते.

"चाली," तो म्हणाला, आणि थांबला. "एकशे... सत्तावीस."

मी पडद्याकडे पाहिलं. एकशे सत्तावीस.

"परत सांग."

"एकशे सत्तावीस." मग अगदी खालच्या आवाजात, "बरोबर आहे ना?"

तेरा दिवसांत त्याने पहिल्यांदाच डोळ्याबद्दल काही विचारलं होतं. माझ्या तळहाताखाली त्याची पापणी फडफडत होती. तोवर मला कळलंच नव्हतं की तो घाबरलेला आहे. घाबरणं हा मी माझा प्रांत समजत होते.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "शेवटचा आकडा कसा आहे, स्वच्छ?"

"साताची मान वाकडी दिसतेय. पण सात आहे."

"आणि रेघ? रेघ कुठंय?"

"आजीच्या पदराशी," दादा म्हणाला. "त्याच्या खाली सगळं पाणी."

मी हात काढला. वरच्या ओळीतला आकडा त्याने वाचला होता, त्यात शंका नव्हती; तो बनवून सांगता येत नाही. मग त्याच ओळीतलं तळघर? ते त्याला वाचता आलं नाही, का वाचलं आणि मंडई सांगितलं? विचारलं असतं तर चौथं उत्तर मिळालं असतं.

"बसलीस काय," तो म्हणाला. "टाइप कर. जी-आय-व्ही-ई."

मी खुर्ची ओढली आणि दाबलं.

"बी," तो म्हणाला. मी बी दाबलं आणि बोट ओ वर नेलं. "ए. जी."

मी थांबले. वहीत हाडूक होतं. वहीत ओ होता. पण अक्षरं सांगायचं काम त्याचं, दाबायचं काम माझं. मी त्याने सांगितली ती दाबली. यंत्र क्षणभर थांबलं आणि म्हणालं, ती वस्तू तुमच्याजवळ नाही. ओळ खाली, त्याच्या पाण्याच्या रेघेच्या बरीच खाली उमटली. त्याला दिसणं शक्य नव्हतं.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

मी पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"विचारतेय," मी म्हटलं, "पिशवी कुठंय."

"बघ," दादा म्हणाला.

मी उठून फ्रिजपाशी गेले. तेरावा दिवस, शेवटचा रकाना. पेन्सिलीने लिहिलं: "१२७. सात वाकडा." मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि रेघेच्या वर दिसतंय म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं, "नक्की काय दिसतंय त्यांना?" मी म्हटलं, आकडा दिसतोय, बाकीचं मी बघून सांगते.